देशमानेबाईंच्या सासऱ्यांचं घड्याळ

दुबईहून आले म्हटल्यावर जो तो एकच विचारतो, ती उंच इमारत बघितली का? बघितली. उंच आहे. मान दुखली. खाली कारंजी नाचतात तीही बघितली, आणि सोन्याच्या बाजारातून एक गुंजही न घेता परत आले. आता हे सगळं सांगून झालं, तेव्हा मी खरी कशासाठी गेले होते ते सांगते. एक चोरलेलं घड्याळ दुरुस्त करून घ्यायला गेले होते. चोर मीच.

आमच्या वडिलांचं बार्शीत एसटी स्टँडसमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बाय पाचची टपरी. एक काचेची पेटी, एक स्टूल, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले बाबा. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, नंदा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आईला दमा, म्हणून चौथीपासून चूल माझ्याकडं. बाबांचा डबा मी करायचे, घेऊन नंदा जायची. बाबा जेवेपर्यंत ती त्यांच्या स्टुलावर बसायची आणि जेवण झालं तरी उठायची नाही. भाकरी मी थापायची आणि विद्या तिनं शिकायची, असा आमच्या घरचा न्याय. मी पुढं डी.एड. झाले, चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नंदा लग्न होऊन दुबईला गेली तेव्हा बाबांनी आपली हत्यारांची पेटी स्वतःच्या हातानं तिच्या बॅगेत ठेवली. मला काय दिलं? आशीर्वाद.

अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ मी उतरवून ठेवलं होतं. तेराव्याला नंदानं विचारलं, "अक्का, बाबांचं घड्याळ कुठाय?" मी म्हणाले, "सापडत नाही गं. दवाखान्यातच कुणी काढून घेतलं असेल." माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. तिला पेटी मिळाली, हात मिळाला, दुबई मिळाली. एक घड्याळ माझ्याकडं राहिलं तर कुठं बिघडलं, असं मी मनाला सांगितलं. रोज सकाळी चावी द्यायची, कुणी आलं की कपाटात ठेवायचं. गेल्या दिवाळीत ते बंद पडलं. बार्शीतल्या दुकानदारानं उघडूनसुद्धा बघितलं नाही. "बाई, ही आता कोण करतंय? सेलचं घ्या." सगळ्या ओळखीपाळखीत ते चालू करू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आणि नेमकं त्याच माणसापासून ते लपवलेलं. फेब्रुवारीत निवृत्त होऊन मोकळी झाले आणि घड्याळ पर्समधल्या रुमालात गुंडाळून विमानात बसले. काढायचं की नाही, ते ठरलं नव्हतं.

अल कुसैस

नंदा राहते अल कुसैसला. शारजाची हद्द इतकी जवळ की गॅलरीतून तिकडच्या गाड्यांची रांग दिसते. खाली उतरलं की केरळी चहावाला, उडुपी हॉटेल, शिवणयंत्रं, पंजाबी मिठाई. मी म्हटलं, हे तर सोलापूरच आहे, फक्त रस्ते झाडलेले. एक दिरहमचा कडक चहा प्यायलो. एक दिरहम म्हणजे तेवीस-चोवीस रुपये, हे माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं आणि विवेकराव हसले. विवेकराव म्हणजे नंदाचे यजमान. "अक्का, पहिली दोन वर्षं आम्हीही गुणायचो. मग सोडून दिलं, नाहीतर घास गिळत नाही."

खरं सांगते, पहिल्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. सातव्या मजल्यावर चोवीस तास पाणी. बार्शीत आम्ही नळाची वाट बघतो तशी कुणी पाहुण्याची बघत नाही. कोथिंबीर संपली तर नंदा खालच्या किराणावाल्याला फोन करते आणि तो एक जुडी वर आणून देतो, एक! सकाळी चहा कोण करतं? विवेकराव. भांडी कोण लावतं? विवेकराव. आमच्या ह्यांना अजून चहाची पातेली कुठली आणि दुधाची कुठली ते माहीत नाही. मी नंदाला म्हटलं, "तुझं बरंय बाई." ती म्हणाली, "हो, बरंय." माणसानं निदान नाही तरी म्हणावं!

पण खरी जळजळ झाली ती गॅलरी बघून. गॅलरी काचेनं बंद करून तिनं तिथं टेबल मांडलंय, छातीइतकं उंच, म्हणजे काम करताना वाकायला नको. त्यावर बाबांची हत्यारं ओळीनं, पितळी मुठी घासून लख्ख केलेल्या. एक रबरी फुगा धूळ उडवायला. हातमोज्याची बोटं कापून केलेल्या टोप्या, घामाचा हात घड्याळाला लागू नये म्हणून. टेबलाच्या कडेला एक कापड टाचलेलं, त्याचं दुसरं टोक ती कामाला बसताना गळ्यात अडकवते, म्हणजे उडालेला स्क्रू ओच्यात पडतो. शिवाय एक डबी आहे यंत्राची. तिच्यावर घड्याळ ठेवलं की ती टिकटिक ऐकते आणि पडद्यावर रेघ काढते. रेघ सरळ तर घड्याळ निरोगी. आणि अंड्यांच्या चार ट्रेमध्ये मेलेली घड्याळं. जुन्या बाजारातून ती डबाभर घड्याळं उचलून आणते, तीन मेलेल्यांतून एक जिवंत करते आणि फुकट वाटून टाकते.

"विकत का नाहीस?" मी विचारलं.

"विकायला लागले की ते काम होईल, अक्का. काम करायला हमरियाचा कारखाना आहे ना."

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी थोरल्या बहिणीच्या सवयीनं घर झाडलं. गॅलरीसकट. संध्याकाळी येऊन तिनं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "अक्का, गॅलरी झाडलीस? आधी लोहचुंबक फिरवल्याशिवाय इथं कुणी झाडत नाही गं!" मग विवेकराव, तिशी ओलांडलेल्या लेकीचे वडील, कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करून गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासानं त्यांनी एक स्क्रू वर धरला. मला तो दिसलासुद्धा नाही. दोघं असे हसले की जणू हरवलेलं पोर सापडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन शेंगाचटणीची बरणी उगीचच पुसत बसले.

हमरिया

नंदा हमरियाच्या फ्री झोनमध्ये एका कारखान्यात तपासनीस आहे. मोठमोठ्या नळांच्या झडपा होतात तिथं, त्या मापात आहेत की नाहीत हे ती बघते. तिनं शिक्का मारल्याशिवाय एक झडप जहाजावर चढत नाही. सकाळी पावणेसहाला कंपनीची बस. शुक्रवारी अर्धा दिवस असतो, म्हणून दुपारी विवेकराव मला गाडीतून तिला आणायला घेऊन गेले.

फाटकाबाहेर थांबलो. आतून निळ्या कपड्यांतल्या माणसांचे थवे येत होते, बिहारी, नेपाळी, आणि मधूनच आपली मराठी. एक जण कोकणातला निघाला. "तुम्ही मॅडमच्या बहीण? मॅडमनी माझ्या आजोबांचं घड्याळ चालू करून दिलं. गावाला पाठवलं तर म्हातारा रडला." दुसरा म्हणाला, "मॅडमसमोर झडप ठेवायला भीती वाटते. हातात घेतल्याबरोबर सांगतात, खलास, परत करा." डोक्यावर पांढरं शिरस्त्राण, गळ्यात फोटोचा बिल्ला, अशी ती बाहेर आली आणि पोरांनी वाट करून दिली. चौतीस वर्षं मीही वर्गात शिरले की पोरं उठून उभी राहायची. पण ती आठ वर्षांची पोरं होती.

जवळच समुद्र आहे. पाणी हिरवट निळं, वाळू पांढरी, आणि पलीकडं बंदराच्या क्रेन. आम्ही गाडीच्या टपावर वर्तमानपत्र पसरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. नंदानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "बाबांच्या डब्यातली चटणी," ती म्हणाली. "अक्का, तुझ्या हाताला जी चव आहे ना, ती मला कधी आली नाही." मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, हो, तुला यायला नकोच होती, तू तिकडं स्टुलावर बसली होतीस. पर्स काखेत होती. रुमालातलं घड्याळ बोटांना लागत होतं. मी पर्सची चेन ओढून घेतली.

शनिवारची मंडळी

दर शनिवारी सकाळी घड्याळवेडे लोक कुसैसच्याच एका हॉटेलात जमतात. मला वाटलं दोन-चार टाळकी असतील. चांगली बारा-तेरा होती. एक फिलिपिनो इंजिनियर, एक मलयाळी परिचारिका, एक पाकिस्तानी टॅक्सीवाला, आणि पांढरा शुभ्र पायघोळ कंदुरा घातलेले एक अरब आजोबा. त्यांना सगळे अबू खालिद म्हणत. टेबलावर मऊ कापड अंथरलेलं, त्यावर घड्याळं, शेजारी पराठे आणि चहा. बोलणं कसलं, तर तबकडीवरचा एक आकडा मूळचा की नंतर रंगवलेला, यावर पाऊण तास वाद. लग्नात मानपानावरूनसुद्धा एवढं भांडत नाहीत माणसं. नंदा मध्ये बसलेली. कुणी काही पैज मारली की तिच्याकडं बघायचे आणि ती भिंग लावून निकाल द्यायची.

अबू खालिद माझ्याशी हिंदीत बोलले, ती जुनी मुंबईवाल्यांची हिंदी. "आप की बहन हमारा उस्ताझा है."

"उस्ताझा म्हणजे?" मी नंदाला हळूच विचारलं.

"काही नाही गं. बाई. शाळेतल्या बाई."

आता सांगा! चौतीस वर्षं खडू मी झिजवले आणि बाई ही!

मग नंदानं पिशवीतून एक डबी काढली. आत अबू खालिदांच्या वडिलांचं घड्याळ. त्यांचे वडील मोती काढायच्या होडीवर होते म्हणे, म्हातारपणी कुणी तरी त्यांना हे घड्याळ दिलेलं. वीस वर्षं बंद होतं. नंदानं चार आठवडे खपून ते लावलं होतं. तिनं चावी दिली आणि ते त्यांच्या कानाशी धरलं. त्या भारदस्त माणसानं डोळे मिटले, ओठ हलले. टेबलावर कुणी कप उचलला नाही. मग त्यांनी नंदाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर हात धरून आशीर्वाद पुटपुटला.

माझ्या आत काय झालं ते मी लपवणार नाही. परक्या माणसाच्या बापाचं घड्याळ चालायला लागलं आणि माझ्या बापाचं माझ्या मांडीवर मुकं पडलेलं. आणि ते मीच मुकं ठेवलेलं. हॉटेलातून बाहेर पडताना मी नंदाला म्हणाले, "अगं, विसरलेच होते. आमच्या शाळेतल्या देशमानेबाईंनी एक घड्याळ दिलंय. त्यांच्या सासऱ्यांचं. बघशील का?"

घरी येऊन मी रुमाल उलगडला. नंदानं घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "बाबांच्यासारखंच आहे गं."

"तसली छप्पन होती बार्शीत," मी म्हणाले. पट्टा मी बदलला होता, काच नवी टाकली होती. बाबांनी स्वतः शंभरेक तसली दुरुस्त केली असतील. त्याला काय नाव लिहिलंय?

"होती खरी," ती म्हणाली आणि घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं. "पुढच्या शनिवारी उघडते. सासरे काय करायचे?"

"तलाठी होते."

"आहेत का?" विवेकरावांनी विचारलं.

"गेले," मी म्हणाले. एका शब्दात मारून टाकलं बिचाऱ्यांना.

रीम आयलंड

रविवारी सायलीकडं गेलो. सायली नंदाची लेक, अबू धाबीला रीम आयलंडवर राहते. निघताना मेट्रोत मी शेंगदाण्याचा लाडू काढला तर नंदानं हातावर चापटी मारली. मेट्रोत खाल्लं की दंड होतो म्हणे. थोरल्या बहिणीच्या हातावर चापटी! पुढं बसच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना खजुराची झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. वाळवंटात! आमच्याकडं डाळिंबाची बाग जळाली की माणसं टँकरच्या मागं धावतात आणि इथं रस्त्याकडेची झाडं थेंब थेंब पाणी पितात. झाडांचासुद्धा हेवा वाटला. यापुढं काय बोलायचं?

सायली एकतिसाव्या मजल्यावर राहते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "मावशी, यू मस्ट ट्राय धिस," म्हणत तिनं काकडीसारखं काहीतरी लोण्यात बुडवून दिलं. खिडकीतून खाली खारफुटी दिसत होती, पाण्यात उभं असलेलं हिरवं रान, आणि त्यात छोट्या होड्या. बोलता बोलता तिनं विचारलं, "आई म्हणाली यू ब्रॉट अ वॉच. हाऊ ओल्ड इज द ओनर?"

मी लाडू वळत होते. ध्यान नव्हतं. "पंच्याऐंशी. पण तब्येत ठणठणीत हो."

"बट बाबा सेड ही पास्ड अवे."

विवेकराव माझ्याकडं बघायला लागले. नंदा बघत नव्हती, ती खिडकीतून खारफुटी बघत होती. "ते थोरले," मी म्हणाले. "हे धाकटे सासरे." देशमानेबाईंना मी त्या दिवशी दोन सासरे केले. एक खोटं झाकायला दहा लागतात हे मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचे. चोराच्या मनात चांदणं, तेही लिहून द्यायचे.

सोमवार ते शुक्रवार मी घरात एकटी. नंदा कारखान्यात, विवेकराव त्यांच्या कचेरीत. घड्याळ गॅलरीत, अंड्याच्या ट्रेमध्ये, तिसऱ्या खळग्यात. उचलून पर्समध्ये टाकावं, देशमानेबाईंचा फोन आला, नको म्हणाल्या, असं सांगावं, असं पन्नास वेळा मनात आलं. मग वाटायचं, पुन्हा कपाटात बंद घड्याळ घेऊन बसायचं? बाबांच्या मनगटावर ते ठणठणीत चालत होतं. बुधवारी एकदा हात लावला. मग जीभ चावून परत आले आणि डाळ भिजत घातली.

पुन्हा शनिवार

त्या शनिवारी नंदा हॉटेलातल्या मंडळींकडं गेली नाही. सकाळी नाश्ता झाला, विवेकराव भाजी आणायला गेले, आणि ती गळ्यात ते कापड अडकवून बसली. मी दारात मेथी निवडत होते. मुद्दामच. आपल्याच हातांनी चोरी केलेली वस्तू दुसऱ्यानं उघडताना बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

पाठीमागचं झाकण निघाल्याचा आवाज आला, टक् असा. बराच वेळ तिनं झाकण भिंगाखाली धरलं होतं, घड्याळाकडं बघतच नव्हती.

"अक्का, देशमानेबाईंचे सासरे तलाठी होते ना?"

"हो."

"मग त्यांच्या घड्याळात माझी खूण कशी?"

मला काही कळेना. कसली खूण? ती म्हणाली, "इकडं ये. बस." आणि स्वतः उठून तिनं मला स्टुलावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूला बसले. तिनं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, केसापेक्षा बारीक अक्षरं, सुईनं ओरखडलेली. एकाखाली एक 'व', प्रत्येकापुढं महिना आणि साल. व म्हणजे वसंत, आमचे बाबा. आणि त्यांच्यात मधेच एक वाकडंतिकडं 'नं'.

"घड्याळ उघडलं की आत खूण करायची असते," नंदा सांगत होती. आवाज अगदी सपाट. "म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं, आधी कुणी, कधी हात लावला. सगळेच करतात. तुला माहीत नसणार."

नाहीच माहीत. कसं असणार? मी डबा करत होते. पट्टा बदलला, काच बदलली, आणि झाकणाच्या आत काय असतं ते मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"मी अकरावीत होते," ती म्हणाली. "दुकानातली निम्मी घड्याळं तेव्हा मीच करायचे. पण गिऱ्हाइकाच्या घड्याळात बाबांनी मला एकदाही खूण करू दिली नाही. सगळीकडं त्यांचा व. म्हणायचे, पोरीनं केलंय असं कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. मी दोन दिवस जेवले नाही. तुला आठवत असेल, तूच ताट घेऊन मागं लागली होतीस. मग तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलं. हे कर, म्हणाले, यात कर तुझी खूण. साऱ्या बार्शीत माझं नाव या एकाच घड्याळात आहे, अक्का. या एकाच."

माझ्या हातात मेथीची काडी होती, ती तशीच राहिली. म्हणे, "तसली छप्पन होती बार्शीत"! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"हरवलं नव्हतं," मी म्हणाले. "मी लपवलं."

"का?"

"मला तुझा हेवा वाटायचा. स्टुलाचा, पेटीचा. बाबा तुझ्याशी बोलायचे तसे माझ्याशी कधी बोलले नाहीत. अजून वाटतो हेवा. आल्यापासून जळतेय मी नुसती. तुझ्या कोथिंबिरीवरसुद्धा जळले."

मला वाटलं ती रडेल, गळ्यात पडेल. तसलं काही झालं नाही. ती म्हणाली, "त्या दवाखान्यात मी इथून दोनदा फोन केला होता. एका नर्सला काय वाट्टेल ते बोलले. चोर म्हणाले तिला. ती बिचारी रडत होती फोनवर." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि डब्यांची झाकणं आपटायला लागली. विवेकराव भाजी घेऊन आले, आमची तोंडं बघितली, आणि पुन्हा काहीतरी आणायला खाली गेले. शहाणा माणूस. मी स्टुलावरून उठले नाही. उठून जायचं कुठं, तेच सुचेना.

दीड तासानं ती आली. "सरक," म्हणाली. मी सरकले, पण जा म्हणाली नाही म्हणून बाजूला उभी राहिले. तिनं काम सुरू केलं. एकेक चाक चिमट्यानं उचलून धुतलं, वाळवलं, सुईच्या टोकावरून तेलाचा थेंब दिला. तेल आटलं होतं, एवढंच. भाग सगळे मूळचे, सगळे चांगले. तिच्या हाताकडं बघताना मला बाबा दिसत होते, तीच करंगळी बाहेर, तसाच श्वास रोखणं. दुपार टळली. शेवटी तिनं बॅलन्स बसवला, फुग्यानं हलकी फुंकर दिली, आणि ते छोटं चाक डोलायला लागलं. यंत्रावर ठेवलं तर रेघ सरळ. तिनं सुई घेतली आणि झाकणात, सगळ्यांत खाली, दुसऱ्यांदा 'नं' ओरखडलं. या वेळी अक्षर सरळ आलं. झाकण दाबून बसवलं, चावी दिली.

मी हात पुढं केला. सवयीनं केला असेल, आशेनं केला असेल. तिनं घड्याळ आपल्या मनगटावर बांधलं.

"अकरा वर्षं तुझ्याकडं होतं," नंदा म्हणाली. "आता अकरा वर्षं माझ्याकडं. मग ये आणि घेऊन जा."

"नंदे, अकरा वर्षांनी मी एकोणसत्तरची असेन!"

"मग नीट राहा. मी वेळेवर देईन." आणि पट्ट्याचं टोक आत खोचत म्हणाली, "यल्ला, चल. भूक लागली. मेथी निवडलीस ना?"

निवडली होती. तिनं फोडणी दिली, मी भाकऱ्या थापल्या. जेवताना ती सारखी मनगट कानाशी नेत होती, आणि विवेकराव मोठ्या सज्जनपणानं देशमानेबाईंच्या सासऱ्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी विमानतळावर मात्र ती काचेपर्यंत आली, हात हलवला. घड्याळ असलेलाच हात हलवला, डांबरट.

मला येऊन दोन महिने झाले. बीपीची गोळी चुकवत नाही. साखर सोडली. पहाटे उठून भगवंत मैदानाला चार फेऱ्या मारते, गुडघा कुरकुरला तरी. शेजारणी म्हणतात, दुबईनं शैलाबाईंना चांगलं वळण लावलं. हे म्हणतात, कुणाची दृष्ट लागली का हिला? मी कुणाला काही सांगत नाही. अजून दहा वर्षं दहा महिने मला मरायला फुरसत नाही.